छाप पाडण्याची गाणी

बायकांवर छाप पाडण्यासाठी पुरुषांनी कराओकेवर कोणती प्रेमगीते गावीत, ह्याच्या याद्या हल्ली सर्रास फिरतात. गाण्याचे वर्ग चालवणारे त्या काढतात, कार्यक्रमांचे निवेदक त्या सुचवतात, मित्र मित्राला मोबाइलवर धाडतो. मी अशा पुष्कळ याद्या वाचल्या आहेत. त्यांत किशोरकुमार असतो, रफी असतो, मुकेश असतो. तरुण मंडळींच्या सोयीसाठी अरिजितसिंगही असतो. कोणते गाणे पहिल्या ओळखीत गावे आणि कोणते ओळख मुरल्यावर, इथपर्यंत तपशील दिलेला असतो. एकच गोष्ट नसते. जिच्यावर ही छाप पडायची, त्या बाईला एकदाही कोणी विचारलेले नसते. स्वयंपाक कसा झाला हे जेवणाऱ्यांना न विचारता आचाऱ्यांनीच एकमेकांच्या पाठी थोपटाव्यात, तसा हा प्रकार आहे. मी जेवणाऱ्यांच्या पंगतीतली आहे. गेली दहा-बारा वर्षे पुण्यात आणि ठाण्यात अशा मैफलींना मी श्रोत्यांच्या खुर्चीवर बसत आले आहे. तेव्हा दोन शब्द बोलायचा अधिकार मला आहे असे मी समजते.

आणि ते दोन शब्द असे, की ह्या याद्या चुलीत घालाव्यात.

ह्यावरून कोणी मला कराओकेची वैरीण ठरवू नये. नाक मुरडणारे लोक वेगळे आहेत. त्यांच्या मते ज्याने गुरूपुढे बारा वर्षे तंबोरा धरला नाही त्याने तोंडच उघडू नये. मला हे मुळीच पटत नाही. पूर्वी एखाद्याला चार लोकांत गावेसे वाटले, तर पेटीवाला हवा, तबलजी हवा, त्यांना चहापाणी हवे, बिदागी हवी. म्हणजे गाणे हौशीचे, पण हौस श्रीमंताची. आज बँकेतून निवृत्त झालेला कारकून, मुले परदेशी गेलेले जोडपे, बायको गेल्यावर घर खायला उठते म्हणून संध्याकाळी बाहेर पडणारा एखादा गृहस्थ – अशी माणसे शेदोनशे रुपये वर्गणी भरून हॉलवर येतात, साठ वाद्यांच्या ताफ्यासमोर उभी राहतात आणि गातात. सूर थोडा इकडेतिकडे होतो. होऊ द्या. आपल्याकडे भजनी मंडळांतही तो होतच आला आहे, आणि त्यामुळे पांडुरंग कधी विटेवरून खाली उतरला नाही.

हे यंत्र आले जपानातून. 'कारा' म्हणजे रिकामे आणि 'ओके' हे 'ओकेसुतोरा'चे, म्हणजे आपल्या ऑर्केस्ट्राचे, जपानी तोंडात झालेले लघुरूप. वाद्यवृंद आहे, पण गायकाची जागा रिकामी. 1967 मध्ये टोकियोच्या शिगेइची नेगिशी ह्यांनी असे एक यंत्र केले. कचेरीत त्यांच्या गाण्याची थट्टा झाली, त्यातून त्यांना ही कल्पना सुचली म्हणतात. पुढे 1971 मध्ये कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए ह्यांनी आपले यंत्र केले. हे इनोउए पानगृहांतून गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करीत. त्यांचे एक गिऱ्हाईक एका कंपनीचे मालक होते. सहलीत लोकांपुढे गायचे म्हणून त्यांना इनोउए बरोबर हवे होते. इनोउएंना जाणे जमेना. त्यांनी नुसत्या साथीची फीत भरून दिली. साहेब त्या फितीवर गाऊन खूष होऊन परतले, आणि त्यातून इनोउएंना धंदा दिसला. त्यांनी अकरा यंत्रे बनवून पानगृहांना भाड्याने दिली. एकस्व मात्र घेतले नाही, त्यामुळे पैसा इतरांनी केला. 2004 साली हार्वर्ड विद्यापीठात त्यांना 'इग नोबेल' नावाचे थट्टेचे शांतता-पारितोषिक मिळाले. कारण असे दिले, की माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवणारा एक नवाच मार्ग ह्या गृहस्थांनी काढला. कोणी कोणाला सहन करायचे, हे त्या समितीने स्पष्ट केले नाही. आपल्याकडे ते न सांगताच ठरून गेले आहे.

माझे भांडण आहे ते 'गावेसे वाटणे' आणि 'छाप पाडणे' ह्यांची गल्लत करण्याशी. पहिल्या इच्छेने माणूस आपल्या गळ्याला झेपेल ते गाणे शोधतो. दुसरीने तो दुसऱ्याच्या गळ्यातले गाणे ओढून आणतो. रफीसाहेब तारसप्तकात अशा सहजतेने फिरत, की ऐकणाऱ्याला वाटावे ह्यात काय अवघड आहे! मग साधारण पांढरी एकमध्ये सुखाने गाणारा आपला गृहस्थ मूळ पट्टीतलाच ट्रॅक लावतो. यंत्रावर पट्टी उतरवायची कळ असते. दोन-तीन स्वर खाली आणायला क्षणही लागत नाही. पण पट्टी उतरवणे म्हणजे जणू मिशी उतरवणे! अंतऱ्यापर्यंत सगळे ठीक असते. अंतऱ्यात वरचा स्वर येतो, मानेच्या शिरा फुगतात, टाचा उचलल्या जातात, माइक तोंडापासून लांब जातो, आणि पहिल्या रांगेतल्या बायका काळजीने त्या माणसाच्या छातीकडे बघू लागतात. पडली ती छाप अशी. दुसऱ्या दिवशी विचाराल तर त्या म्हणतील, "त्या भाऊजींचं ब्लडप्रेशर तपासून घ्यायला सांगा हो कोणी."

युगुलगीताची तर आणखी निराळी कथा. स्त्री-पुरुषांच्या सोयीच्या पट्ट्यांत सामान्यतः मध्यम-पंचमाचे अंतर असते. दोघांनी एका पट्टीत गायचे म्हणजे कोणीतरी पोटाला चिमटा घ्यायचा. व्यवहारी उपाय असा, की दोघांनी आधी भेटून पट्टी ठरवावी, एकदोनदा तालीम करावी. पण छाप पाडणाऱ्याला तालमीची गरज वाटत नाही. तो ऐन वेळी एखादीचे नाव पुकारतो, आणि आपल्या पट्टीतला ट्रॅक सुरू करतो. तिचा आवाज खर्जात गडप होतो, आणि टाळ्या मात्र दोघांत वाटल्या जातात.

आता डोळ्यांविषयी. प्रेमगीत म्हणजे, माझ्या समजुतीप्रमाणे, कोणाकडे तरी बघून किंवा कोणाची तरी आठवण मनात धरून म्हणायचे गाणे. इथे गाणारा बघतो पडद्याकडे, किंवा समोरच्या स्टँडवरच्या टॅबकडे. तिथे अक्षरांचा रंग पांढऱ्याचा निळा होत जातो आणि ह्याची नजर त्या रंगामागून धावते, स्टेशनमास्तराने सुटलेल्या गाडीमागे धावावे तशी. अक्षरे पुष्कळदा रोमन. त्यामुळे उर्दूचा 'ख़' आणि साधा 'ख' एकाच मापाने तोलले जातात, आणि ज्या शब्दावर साहिरने किंवा शकीलने जीव लावला असेल, त्याचा बोलता बोलता मुडदा पडतो. मधल्या वाद्यसंगीताच्या वेळी तर बिचाऱ्याला हात कुठे ठेवावेत हेच कळत नाही. प्रेयसी समोर, पण अनुनय चालला आहे एका यंत्राचा! एवढे ज्याच्यासाठी करायचे, ते गाणे पाठ करायला काय हरकत आहे? आमच्या आज्यांना शंभर-शंभर ओव्या पाठ होत्या, आणि त्यांना कोणावर छाप पाडायची नव्हती.

पण गळा आणि डोळे ह्या वरवरच्या गोष्टी झाल्या. ह्या याद्यांत जी गाणी असतात त्यांत काय चाललेले असते, हे कधी कोणी नीट पाहिले आहे का? 1964 च्या 'संगम'मधले ते झाडावरचे गाणे घ्या. मुकेशचा आवाज, राज कपूर झाडावर, वैजयंतीमाला खाली तळ्यात पोहते आहे. तो पुन्हापुन्हा एकच प्रश्न विचारतो आणि शेवटी तिच्याकडून एक वैतागलेला होकार काढून घेतो. तिचे मन दुसऱ्यावर आहे. पुढचे सगळे दुःख तिथूनच सुरू होते. त्या होकाराला त्याने खरा मानला, एवढाच त्या चित्रपटाचा घोटाळा. आणि हेच गाणे 'हमखास यश देणारे' म्हणून यादीत पहिल्या पाचांत! आता 1968 चा 'पडोसन' पाहा. भोळाला गाता येत नाही. त्याचा मित्र लपून गातो, भोळा खिडकीत उभा राहून नुसते ओठ हलवतो, आणि शेजारची बिंदू भुलते. खरा प्रकार कळल्यावर ती संतापते. संतापायलाच हवे होते. त्या चित्रपटाने आपल्याला पोट धरधरून हसवले, तेही बरोबरच. लबाडी आहे हे तिथे कोणी लपवलेले नाही. पण तेच खिडकीतले गाणे आज माणूस छाप पाडण्यासाठी निवडतो, तेव्हा तो भोळाही असतो आणि त्याचा लपलेला मित्रही. फरक इतकाच, की गाणारा किशोरकुमार ह्या वेळी पडद्यामागेही हजर नसतो.

दर्दभऱ्या गाण्यांची एक वेगळी शाखा आहे. तिने मला दगा दिला, तिने घर बांधले आणि मी रस्त्यावर आलो, ह्या अर्थाची गाणी. मला ती फार आवडतात. तलत महमूदचा कापरा आवाज ऐकून माझ्या पिढीतल्या किती मुलींनी उशा भिजवल्या असतील, त्याची मोजदाद नाही. पण ही गाणी समोरच्या अनोळखी बाईवर छाप पाडण्यासाठी कशी काय चालतात, हे कोडे मला उलगडलेले नाही. मागची बाई कशी वाईट निघाली हे सुरात सांगितल्यावर पुढची बाई मोहून जाईल, ही समजूत पुरुषांची. बाई मनात म्हणते, त्या बिचारीचीही काही बाजू असेल.

आता एक प्रसंग सांगते. गाव सांगत नाही, माणसे सांगत नाही. एका वसाहतीच्या गच्चीवर कोजागिरी होती. मसाला दूध, भेळ, आणि कराओके. वसाहतीत नव्याने राहायला आलेली एक तिशीतली मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा गायली. गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा झालेल्या, आवाज धुतलेल्या तांदळासारखा. तिच्यानंतर एक गृहस्थ उठले, माइक हातात घेतला आणि तिचे नाव घेऊन म्हणाले, की पुढचे गाणे मी ह्यांना अर्पण करतो. गाणे होते नायकाने नायिकेची वाट अडवण्याचे. सगळी गच्ची टाळ्या वाजवू लागली. गाताना ते तिच्या खुर्चीपर्यंत चालत गेले. शेवटच्या कडव्याला माइक तिच्या तोंडापुढे धरला. ती हसली. मी तिच्या शेजारी बसले होते; त्या हसण्याचा अर्थ कळायला बाईच असायला हवे असे नाही, पण लक्ष द्यायला हवे. ती दुसरे करणार काय? उठून गेली असती तर 'काय घमेंड!' रागावली असती तर 'गंमत कळत नाही.' हसली, म्हणून सर्वांनी मानले की छाप पडली. पुढच्या महिन्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आता ती कुठल्याच कार्यक्रमाला येत नाही. मी एकदा जिन्यात विचारले, तर "वेळ नसतो हो काकू" म्हणाली आणि कुलूप लावू लागली. आमच्या वसाहतीतला सर्वांत चांगला गळा ह्या छापेच्या पायी बंद झाला, आणि त्या गृहस्थांना अजून वाटते की गाणे उत्तम झाले होते.

हे मी दोन-तीन जणांना बोलून दाखवले. उत्तर ठरलेले. "काकू, गंमत असते हो. प्रेमाची गाणी गायचीच नाहीत की काय?" तुम्ही शंभर गा. भांडण प्रेमाशी नाही, प्रेमगीताशीही नाही. चार लोकांसमोर एकीला गाठून, तिला नाही म्हणायची जागा न ठेवता, गाणे तिच्या अंगावर टाकण्याशी आहे. घरी पत्र लिहिले तर ती ते फाडू शकते. फोन केला तर ठेवू शकते. गच्चीवर साठ माणसांत ती काहीच करू शकत नाही, आणि नेमकी तीच जागा ह्या याद्या सोयीची म्हणून सुचवतात.

दुसरे एक उत्तर मिळते ते जरा शहाणे असते. पुरुषाने गाऊन बाईला रिझवणे ही जुनीच रीत आहे, असे म्हणतात. आपल्याकडे? मला तरी ती फारशी दिसत नाही. लावणी पाहा. लिहिणारा शाहीर पुरुष, पण लावणीतली आर्जवे, रुसवे, विरह बहुतेक बाईच्या तोंडी. पुरुष समोर बसून ऐकत आणि दौलतजादा करीत. ती रीत काही सोवळी नव्हती, आणि तिचे गोडवे मी गाणार नाही. पण निदान शाहिराला बाईच्या जागी उभे राहून शब्द शोधावे लागत.

आणि बालगंधर्व! मराठी बायकांवर गाण्याने सर्वांत मोठी छाप कोणत्या पुरुषाने पाडली, असे कोणी विचारले तर दुसरे नाव घेताच येणार नाही. 1916 साली 'स्वयंवर' रंगभूमीवर आले. त्यातली त्यांची रुक्मिणी पाहून घरोघरच्या बायका तसे पातळ नेसू लागल्या, तसा गजरा माळू लागल्या. आता गंमत पाहा. नारायणराव राजहंस बायकांना उद्देशून गातच नव्हते. ते बाई होऊन गात होते. रुक्मिणीला कृष्ण हवा आहे, आणि भाऊ तिला दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला निघाला आहे, हे दुखणे त्यांच्या गळ्यातून उमटे. समोरच्या बायकांत किती जणींना त्यांच्या पसंतीविषयी कोणी विचारले असेल? त्यांना प्रथमच कळले, की आपल्या मनात जे चालते ते एखाद्या पुरुषालाही कळू शकते. ती छाप पन्नास वर्षे टिकली. यादीतल्या गाण्याची छाप पार्किंगपर्यंतही टिकत नाही.

बालगंधर्व कोणाला जमणार नाहीत, मान्य. मग आपली भावगीते तर आहेत. गजाननराव वाटव्यांनी ती घरोघर नेली. 1962 मध्ये अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा ह्यांनी 'शुक्रतारा' गायले. शब्द पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची. त्या गाण्यात कोणी कोणाची वाट अडवत नाही. आवाज चढत नाही. दोघेही गातात, दोघांनाही बोलायला सारखी जागा आहे. ते गाणे कराओकेवर कमी निवडले जाते असे नाही, पण निवडणारे बहुतेक पतिपत्नी असतात, किंवा ज्यांना कोणावरही छाप पाडायची नाही असे. खळ्यांच्या चाली दिसतात सोप्या आणि गाताना घाम काढतात, हेही एक कारण असेल. तिथे आरडाओरड्याच्या मागे लपता येत नाही.

आमच्याकडे एक निवृत्त एसटी कंडक्टर येतात. वय सत्तरीच्या पुढे. आवाज म्हणाल तर बारीक, थोडा घोगराही. आयुष्यभर तिकिटे पुकारून घसा बसलेला. ते नेहमी तलतचीच गाणी घेतात, ट्रॅक दोन स्वर उतरवून घेतात, गाणे पाठ असते. कोणाला अर्पण नाही, प्रस्तावना नाही. डोळे मिटून गातात आणि गाणे संपले की नमस्कार करून जागेवर येऊन बसतात. मग ते एक अशी गोष्ट करतात, जी मी त्या सभागृहात दुसऱ्या फारशा कोणा पुरुषाला करताना पाहिलेली नाही. ते पुढच्याचे गाणे ऐकतात. बाकीचे काय करतात? आपले झाले की आपलाच व्हिडिओ पाहत बसतात, किंवा बाहेर बटाटेवड्यापाशी जाऊन आपले गाणे कसे झाले ते विचारतात. एकदा एक बाई गाताना मधेच शब्द विसरल्या. पडदाही नेमका तेव्हाच अडकला. ह्या कंडक्टरबाबांनी जागेवरूनच हळू आवाजात पुढची ओळ सांगितली आणि पुन्हा गप्प झाले. त्या दिवशी आम्ही बायका रिक्षातून परतताना कोणाविषयी बोलत होतो, ते मी सांगायला नको.

हे यादीत कसे बसवणार? 'गाणे क्रमांक सात : दुसरीचे गाणे ऐकावे', असे कोण लिहील?

आमच्या मंडळाच्या नावनोंदणीच्या अर्जात पूर्वी तीन रकाने होते : गाणे, मूळ गायक, पट्टी. गेल्या वर्षापासून त्यांत चौथा रकाना आला आहे, 'कोणास अर्पण'. शिवाय गायिकांच्या नावांपुढे, युगुलगीताला उपलब्ध आहेत की नाहीत, अशी एक खूण करायची सोयही झाली आहे. ती खूण गायिका स्वतः करीत नाहीत, मंडळच करते. हे दोन्ही काढून टाकावे, आणि पट्टीच्या रकान्याशिवाय अर्ज घेऊ नये, असे मी दसऱ्याच्या आधीच लेखी कळवले आहे. सोबत बारा जणींच्या सह्या आहेत; जिन्यात कुलूप लावत होती ती मुलगी तेरावी. तिने सही केली, पण येईन असे म्हणाली नाही. मंडळाचे अजून उत्तर नाही. दिवाळी पहाटेचा कार्यक्रम ठरला आहे आणि छापील पत्रिकाही आली आहे. सेक्रेटरी स्वतः मुकेश गाणार आहेत, झाडावरचाच.